मागच्या पंधरा दिवसांत

मागच्या पंधरा दिवसांत तुम्ही कोणकोणती औषधं घेतली?
हा माझा प्रश्न. छापील.
शब्द बदलायचा नाही, सूर बदलायचा नाही,
भुवई उचलायची नाही.
उत्तर डावीकडच्या रकान्यात.
उजवीकडे नंतर दवाखान्याच्या कागदांतून,
मेडिकलवाल्याच्या बिलांतून निघेल ते.
मधल्या चिंचोळ्या रकान्यात मी लिहायचं
जुळते
किंवा जुळत नाही.

जेल रोडला दामोदर निकुंभ.
चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या.
"एक नोट कमी भरली ना ताई, तर घरी जाणं नाही.
दिवाळी असो, बायको बाळंत असो."
बीपीची?
"सकाळी एक, रात्री एक. खाडा नाही."
कागदही तेच म्हणाला. महिन्याला साठ,
दर पाच तारखेला, सही सुवाच्य.
मी जुळते लिहिलं, पेनाला टोपण लावलं,
तेव्हा म्हणाले, "रात्रीची मात्र कडूसकरला देतो.
त्याचं बीपी माझ्यासारखंच आहे."
कडूसकर माझ्या यादीत नाही, कुठल्या बिलात नाही.
साठातल्या तीस गोळ्या पोटात घेऊन
तो माणूस समोरच्या ओट्यावर
पेपर वाचत बसला होता.

मोहाडीत सरलाबाई विधाते.
औषधं म्हटल्याबरोबर उठल्या, फडताळातून वही काढली:
तारीख, डावनी की भुरी, लिटरला किती,
वारा कुठला होता तेसुद्धा.
मी म्हटलं, बागेची नाही हो, तुमची.
"आमची कसली वही?"
साखरेची गोळी घेता ना?
"ती व्हय. पांढरी. घेते की रोज."
उजव्या रकान्यात चार महिने कोरे,
मग एकदम दहाची एक पट्टी.
मी भुवई उचलली असेल. त्या हसल्या.
"द्राक्षाचा नमुना लॅबला जायचा असला
की आम्ही औषध बंद करतो.
माझा नमुना जायचा असला की मी सुरू करते."

सिडकोत दुसऱ्या मजल्यावर
सासूबाई सोफ्यावर, सूनबाई दाराशी उभी.
"मी? काहीच नाही घेत."
सात महिन्यांची बिलं माझ्या पिशवीत.
रोज रात्री एक.
जिन्यात ती मागून उतरली, कचऱ्याची बादली घेऊन,
रिकामीच.
"काहीच नाही, असं लिहिलंत ना?"
लिहिलं.
त्या मधल्या रकान्यापाशी स्कूटीवर बसून
मी बराच वेळ पेन नुसतं धरून होते.

शनिवारी साहेबांनी बेरीज मागितली.
शंभरात किती खरं सांगतात?
मी विचारलं, डावीकडून मोजू की उजवीकडून?
"कागद धरा," ते म्हणाले, "कागद विसरत नाही."
नाही विसरत.
पण कागदाला गिळताही येत नाही.
त्याला फक्त एवढंच ठाऊक,
की खिडकीतून एक पाकीट बाहेर गेलं
आणि एक हात ते घेऊन वळला.
हे मी साहेबांना बोलले नाही.
म्हटलं, एकसष्ट.

रात्री घरी आल्यावर
थायरॉइडची बाटली टेबलावर उपडी केली.
शंभराची. सील फोडल्याची तारीख
मीच झाकणावर लिहिलेली.
मग स्वतःला विचारलं, छापील, त्याच सुरात.
उत्तर: रोज. उपाशीपोटी. उठल्या उठल्या.
आणि मोजल्या, दोन-दोनच्या जोड्या लावून,
निकुंभांनी मोजल्या असत्या तशा.
सहा जास्त.
पुन्हा मोजल्या. सहाच.

म्हणजे सहा सकाळी मी गोळी घेतली नाही.
आणि मला तर सगळ्या सकाळी आठवतात,
जिभेवरचा तो खडूसारखा कण,
काठाला चेपलेला स्टीलचा पेला,
घशातून उतरलेलं पाणी.